विजेता नसलेला विजयी संघ

(व्याख्यानाचे शब्दांकन)



कुस्ती म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर दोन मल्ल उभे राहतात. लाल माती, हलगीचा कडकडाट, कडेला उभ्या असलेल्या वस्तादांची करडी नजर आणि मध्यभागी एकमेकांना भिडलेली एक जोड. तेथे लढतो तो एकटा, जिंकतो तो एकटा आणि चितपट होतो तोही एकटाच. कुस्ती हा एकट्याच्या पराक्रमाचा खेळ आहे, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की 'कुस्तीचा संघ' हे शब्दच अनेकांना विसंगत वाटतील. आजचे विवेचन या समजुतीला छेद देणाऱ्या एका परंपरेविषयी आहे. ही परंपरा आपली नाही, अमेरिकेतील महाविद्यालयांची आहे. तिच्यातले सगळेच अनुकरणीय आहे असेही नाही. परंतु तिच्यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

आरंभ एका प्रसंगाने करू. मार्च २००१. स्थळ, आयोवा राज्यातील आयोवा सिटी. अमेरिकेतील विद्यापीठांची राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा तेथे भरली होती. यजमान आयोवा विद्यापीठाने त्याआधी सलग सहा वर्षे सांघिक अजिंक्यपद पटकावले होते. सभागृह त्यांचे, प्रेक्षक त्यांचे. दहा वजनगटांपैकी दोन गटांत आयोवाचे मल्ल वैयक्तिक विजेतेही ठरले. आणि तरीही सांघिक अजिंक्यपद गेले ते मिनेसोटा विद्यापीठाकडे. आश्चर्य पुढेच आहे. मिनेसोटाचा एकही मल्ल आपल्या गटात पहिला आला नव्हता. दहा गटांत दहा वेगवेगळे विजेते झाले; त्यांत मिनेसोटाचे नाव एकदाही पुकारले गेले नाही. मात्र त्या विद्यापीठाचे दहाच्या दहा मल्ल आपापल्या गटात पहिल्या आठांत होते. गुणफलकावर मिनेसोटाचे १३८.५ गुण लागले, आयोवाचे १२५.५.

ज्या संघाकडे एकही विजेता नाही तो संघ विजयी कसा होतो? या एका प्रश्नाचे उत्तर समजून घेतले की तेथील कुस्तीतील संघरचना, मानांकन आणि अजिंक्यपदाची गणिते हे सगळेच उलगडत जाते.

अर्ध्या गुणाचे मोल

या स्पर्धेचा इतिहास जुना आहे. पहिली राष्ट्रीय महाविद्यालयीन कुस्ती स्पर्धा १९२८ साली आयोवा राज्यातीलच एम्स येथे झाली. आरंभीच्या काळावर ठसा होता तो ओक्लाहोमाच्या कृषी आणि तंत्र महाविद्यालयाचा, म्हणजेच आजच्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा. तेथील प्रशिक्षक एडवर्ड गॅलाघर हे शिक्षणाने विद्युत अभियंते. तरफ, टेकू आणि गुरुत्वमध्य यांचे शास्त्र त्यांनी डावपेचांना लावले. पाश्चात्त्य देशांतील बलदंडांच्या झोंबाझोंबीला त्यांनी अभ्यासाची शिस्त दिली, असे म्हणता येईल. ओक्लाहोमा स्टेटच्या नावावर आज ३४ सांघिक अजिंक्यपदे नोंदली आहेत. तितकी अन्य कोणाकडे नाहीत.

राष्ट्रीय स्पर्धेत वजनगट दहा. सर्वांत हलका १२५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५६.७ किलोंचा; सर्वांत जड २८५ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२९ किलोंचा. प्रत्येक गटात ३३ मल्ल, एकूण ३३०. एका विद्यापीठाला एका गटात एकच मल्ल उतरवता येतो. म्हणजे कोणत्याही संघाची पूर्ण ताकद दहा मल्लांची.

आता गुणांचा हिशेब पाहा. आजच्या नियमांनुसार गटात पहिल्या आलेल्यास क्रमांकाचे १६ गुण, दुसऱ्यास १२, तिसऱ्यास १०, चौथ्यास ९, पाचव्यास ७, सहाव्यास ६, सातव्यास ४ आणि आठव्यास ३. मुख्य फेऱ्यांतील विजयाला १ गुण. एकदा हरलेला मल्ल स्पर्धेबाहेर जात नाही. त्याच्यासाठी पराभूतांच्या फेऱ्या असतात आणि तेथील विजयाला अर्धा गुण. याखेरीज प्रतिस्पर्ध्याला चितपट केल्यास संघाला २ गुण अधिक, पंधरा गुणांची आघाडी घेऊन कुस्ती वेळेआधी संपवल्यास दीड आणि आठ किंवा अधिक गुणांनी जिंकल्यास १.

हे कोष्टक रूक्ष वाटेल. पण त्याच्यात एक तत्त्वज्ञान दडलेले आहे. दोन मल्ल तिसरे आले तर क्रमांकाचे वीस गुण होतात, एका विजेत्याच्या सोळांहून चार अधिक. पाच मल्ल पाचवे आले तर पस्तीस होतात, दोन विजेत्यांच्या बत्तिसांहून अधिक. विजेत्याचा मान विजेत्याला मिळतोच, त्यात काही उणे नाही; परंतु संघाचे भवितव्य ठरवताना पाचव्या आणि सातव्या क्रमांकाचा मल्लही तितकाच हिशेबात धरला जातो.

यातून एक विलक्षण परीक्षा निर्माण होते. स्पर्धा तीन दिवसांची असते. दुसऱ्या दिवशी रात्री उपांत्य फेरी होते. वर्षभर सुवर्णाचे स्वप्न पाहिलेला एखादा तरुण त्या रात्री हरतो. स्वप्न संपलेले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा वजन देऊन मॅटवर उतरायचे असते, तिसऱ्या क्रमांकासाठी. ज्या गोष्टीसाठी घाम गाळला ती हातची गेलेली. आता लढायचे ते केवळ संघाच्या गुणांसाठी. अनेक अजिंक्यपदे शनिवारच्या त्या सकाळी ठरतात. १९९९ साली आयोवाने अजिंक्यपद मिळवले ते १००.५ विरुद्ध ९८.५ अशा अवघ्या दोन गुणांनी. आणि तेव्हा दोन गुणांनी मागे राहिलेला संघ म्हणजे हाच मिनेसोटा. दोनच वर्षांनी तो दहाही मल्लांना पहिल्या आठांत आणून उभा राहिला. पराभवाचा अभ्यास कसा करावा, याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

दहा जागा, एक रचना

दहा वजनगटांत दहा चांगले मल्ल बसवणे हे ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात ती बुद्धिबळाच्या पटासारखी रचना असते. एकाच वजनाचे दोन उत्तम मल्ल एका विद्यापीठात असतील तर त्यांतला एकच उतरू शकतो. दुसरा कदाचित देशातील पहिल्या दहांत गणला गेला असता. पण त्याला वर्षभर बाजूला बसावे लागते, किंवा वजन वाढवून वरच्या गटात, किंवा घटवून खालच्या गटात जावे लागते. जागा कोणाची, हे बहुधा संघांतर्गत चाचणी कुस्तीने ठरते. सकाळी ज्याच्याबरोबर सराव केला, त्याच्याशीच जागेसाठी लढायचे आणि निकाल लागल्यावर पुन्हा त्याचाच सराव घ्यायचा, असा हा व्यवहार आहे.

विद्यार्थ्याला साधारणपणे पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. त्यामुळे अनेक प्रशिक्षक नवागताला पहिले वर्ष अधिकृत संघात उतरवतच नाहीत. तो शिकतो, बळ कमावतो, अभ्यास करतो. म्हणजे आज दिसणाऱ्या संघामागे उद्याचा आणि परवाचा संघ तयार होत असतो. शिष्यवृत्तीचे गणितही गमतीचे होते. कित्येक वर्षे पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठाला पुरुष कुस्तीसाठी एकूण ९.९ शिष्यवृत्त्या देता येत. जागा दहा आणि शिष्यवृत्त्या दहालाही कमी! त्यामुळे एक शिष्यवृत्ती दोघा-तिघांत विभागली जाई. २०२५पासून ती मर्यादा जाऊन, नवी व्यवस्था स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी संघात जास्तीत जास्त तीस जण अशी मर्यादा आली आहे. पूर्वी मोठ्या विद्यापीठांत नावनोंदणी करून वाट पाहणाऱ्या मुलांसाठी हा बदल सुखाचा नाही.

दोन विद्यापीठांच्या समोरासमोरच्या लढतीत ही संघभावना आणखी उघड दिसते. दहा गटांच्या दहा कुस्त्या ओळीने होतात. साध्या विजयाला संघास ३ गुण, आठ ते चौदा गुणांच्या फरकाला ४, पंधराच्या फरकाला ५ आणि चितपटीला ६. आता कल्पना करा. समोर देशातील अव्वल मल्ल आहे आणि आपल्या बाजूने उतरलेला मुलगा अननुभवी आहे. तो जिंकणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण तो सात मिनिटे पाठ टेकू देत नाही, थोडक्या गुणांनी हरतो. सहाऐवजी तीनच गुण समोरच्याला मिळतात. अखेरीस संघ दोन गुणांनी जिंकतो तेव्हा त्या हरलेल्या मुलाला सहकारी खांद्यावर घेतात. हरण्यातही कर्तव्य असते आणि ते पार पाडता येते, ही शिकवण पुस्तकातून देणे कठीण.

राखीव मल्लाचे महत्त्व सांगणारा अलीकडचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. २०२३-२४च्या हंगामात पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचा १४९ पौंडांचा नियमित मल्ल दुखापतीने बाहेर गेला. टायलर कसाक हा प्रथम वर्षाचा, खरे तर त्या वर्षी शिकण्यासाठी मागे ठेवलेला मुलगा. तो त्या जागी उभा करण्यात आला. राष्ट्रीय स्पर्धेत तो पहिलीच कुस्ती हरला. त्यानंतर पराभूतांच्या फेऱ्यांत त्याने ओळीने सात कुस्त्या जिंकल्या आणि तिसरा क्रमांक मिळवला. त्या वर्षी पेन स्टेटने १७२.५ गुण मिळवून आयोवाचा १९९७मधला १७० गुणांचा विक्रम मोडला. फरक अडीच गुणांचा. तिसऱ्या क्रमांकाचे दहा गुण त्या मुलाचे होते. ते नसते तर अजिंक्यपद मिळाले असते, कारण दुसरा संघ फार मागे होता. पण विक्रम मात्र झाला नसता.

मानांकनाचा कागद

हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चमध्ये संपतो. या पाच महिन्यांत मानांकनाच्या याद्या सतत प्रसिद्ध होत असतात. कोणत्या गटात कोण पहिला, कोण विसावा. कोणता संघ समोरासमोरच्या लढतीत बलवान आणि कोणता राष्ट्रीय स्पर्धेत. हे दोन प्रश्न भिन्न आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. दहाही गटांत बरे मल्ल असलेला संघ समोरासमोर कोणालाही भारी पडतो. परंतु राष्ट्रीय स्पर्धेत ३३ जणांच्या गटात 'बरा' मल्ल आठांत येतोच असे नाही. उलट चार-पाच असामान्य मल्ल असलेला संघ समोरासमोर हरतो आणि राष्ट्रीय स्पर्धेत पुढे निघून जातो. राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रवेशजागा वाटताना मल्लाचे जय-पराजय, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा आणि प्रशिक्षकांचे मत यांचा विचार होतो. २०१९पासून प्रत्येक गटातील सर्व ३३ मल्लांना क्रमांक देऊन जोड्या लावल्या जातात.

ही पद्धत निःसंशय शास्त्रशुद्ध आहे. परंतु मानांकनाचा कागद आणि मॅट यांत जे अंतर असते, ते याच खेळाच्या इतिहासाने पुनःपुन्हा दाखवून दिले आहे.

डॅन गेबल हे नाव अमेरिकी कुस्तीत अत्यंत आदराने घेतले जाते. शालेय आणि महाविद्यालयीन जीवनात मिळून सलग १८१ विजय. १९७० साली इव्हॅन्स्टन येथे महाविद्यालयीन कारकिर्दीतील अखेरची कुस्ती. समोर वॉशिंग्टन विद्यापीठाचा लॅरी ओविंग्ज. हा तरुण मुद्दाम वजन उतरवून गेबलच्या गटात आला होता आणि आपण गेबलला हरवण्यासाठीच आलो आहोत, असे त्याने उघड सांगितले होते. निकाल लागला १३-११, ओविंग्जच्या बाजूने. गेबलची महाविद्यालयीन नोंद ११७ विजय आणि एक पराभव अशी राहिली. मात्र एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. त्या वर्षीचे सांघिक अजिंक्यपद गेबलच्याच आयोवा स्टेट विद्यापीठाने जिंकले होते. अजिंक्य मानला गेलेला मल्ल हरला. संघ हरला नाही. आणि तो एक पराभव गेबलच्या मनात असा रुतला की दोन वर्षांनी म्युनिक ऑलिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले ते प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता.

पुढे हेच गेबल शेजारच्या आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. १९७७ ते १९९७ या एकवीस हंगामांत त्यांनी पंधरा सांघिक अजिंक्यपदे मिळवून दिली. त्यांतली १९७८ ते १९८६ ही नऊ ओळीने. १९८७ साली दहावे पद जणू हातात असल्यासारखे वातावरण होते. आयोवाच्या मल्लांच्या पोशाखावर रोमन अंकातील 'दहा'ची खूण झळकत होती. अजिंक्यपद मात्र गेले आयोवा स्टेटकडे. जे अजून मिळालेले नाही ते छातीवर मिरवू नये, हा धडा गेबलसारख्या थोर प्रशिक्षकालाही मॅटनेच दिला.

अगदी अलीकडे, २०२५च्या फिलाडेल्फिया येथील स्पर्धेत, सर्वांत जड गटाची अंतिम कुस्ती झाली. एका बाजूला टोकियो ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता गेबल स्टीव्हसन. त्याचे नावही डॅन गेबल यांच्यावरून ठेवलेले. दुसऱ्या बाजूला ओक्लाहोमा स्टेटचा वायट हेंड्रिक्सन. मानांकनाच्या कागदावर या कुस्तीचा निकाल लागलेलाच होता. अखेरच्या काही क्षणांत हेंड्रिक्सनने पायांत शिरून ऑलिम्पिकविजेत्याला खाली घेतले आणि ५-४ असा विजय मिळवला.

तेव्हा मानांकन व्यर्थ आहे काय? तसे नाही. मानांकन म्हणजे केलेल्या कामाची पावती. ती आजवरचे सांगते, उद्याचे नाही. एवढे भान ठेवले तर ते उपयुक्त; विसरले तर घातक.

काळी बाजूही आहे

या परंपरेचे गुणगान करताना तिची काळी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. संघाला अमुक वजनगटात मल्ल हवा, म्हणून मुलाने वजन उतरवायचे, ही प्रथा अनेक दशके निर्वेध चालली. रबरी पोशाख घालून उष्ण खोलीत व्यायाम करायचा, पाणी प्यायचे नाही, अंगातील पाणी घामावाटे काढून टाकायचे. १९९७ साली नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांत, पाच आठवड्यांहूनही कमी काळात, तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांतील तीन तरुण मल्ल असे वजन उतरवताना मृत्युमुखी पडले. तिघांच्या घरी काय उरले असेल, याची कल्पना येथे बसलेल्या प्रत्येक आई-वडिलांना करता येईल.

त्यानंतर जागे होऊन नियम बदलण्यात आले. सर्वांत हलका गट ११८ पौंडांवरून १२५वर आला आणि इतर गटही वर सरकले. रबरी पोशाख आणि उष्ण खोल्या यांवर बंदी आली. वजन आदल्या दिवशी न घेता कुस्तीच्या एक-दोन तास आधी घेण्याची पद्धत आली; कारण मधल्या वेळात पाणी पिऊन भरपाई करता येते हा विश्वासच मुलांना आगीत ढकलत होता. हंगामाच्या आरंभी शरीरातील पाणी आणि चरबी तपासून प्रत्येकाचे किमान वजन निश्चित केले जाते आणि आठवड्याला दीड टक्क्याहून अधिक वेगाने वजन उतरवता येत नाही. हे शहाणपण तीन जीवांच्या मोलाने आले. संघासाठी त्याग हा शब्द मोठा आहे. परंतु तो कोणी कोणाकडून मागावा आणि किती मागावा, याची मर्यादा मोठ्यांनीच आखायची असते. ती आखण्यात मोठे चुकले की किंमत कोवळी मुले देतात. वजन देण्यासाठी धडपडणाऱ्या आपल्याकडील तालमींनीही ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी अशी आहे.

दुसरा प्रश्न अस्तित्वाचा. १९८०च्या दशकाच्या आरंभी पहिल्या श्रेणीत सुमारे दीडशे विद्यापीठांत कुस्तीचे संघ होते. आज ती संख्या ऐंशीच्या आत आहे. खर्च, अन्य खेळांचा दबदबा आणि स्त्री-पुरुष खेळाडूंना समान संधी देण्याच्या १९७२च्या कायद्याची पूर्तता करताना मुलींचे संघ वाढवण्याऐवजी मुलांचे कमी करण्याची पळवाट, अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. या दिशेने एक सुखद गोष्टही घडली आहे: जानेवारी २०२५मध्ये महिला कुस्तीला राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपदाची मान्यता मिळाली.

२०२० साली स्टॅनफर्डसारख्या ख्यातनाम विद्यापीठाने अकरा खेळ बंद करण्याचे जाहीर केले. त्यांत कुस्ती होती. पुढच्या मार्चमध्ये सेंट लुईसच्या राष्ट्रीय स्पर्धेत स्टॅनफर्डचा शेन ग्रिफिथ १६५ पौंड गटात उतरला तो साध्या काळ्या पोशाखात. त्यावर विद्यापीठाचे नाव नव्हते. ज्या संस्थेने संघ टाकून दिला तिचे नाव छातीवर कशाला, असा तो मूक सवाल होता. तो विजेता झाला. त्या मे महिन्यात विद्यापीठाने निर्णय मागे घेतला. माजी खेळाडूंचा रेटा आणि देणग्या यांचा वाटा त्यात होताच. पण काळ्या पोशाखातील तो एकटा मल्ल सगळ्या संघाचे म्हणणे सात मिनिटांत सांगून गेला.

सातत्याचे रहस्य

गेल्या पंधरा वर्षांत या क्षेत्रावर पेन स्टेटचे अधिराज्य आहे. त्यांचे प्रशिक्षक केल सँडरसन स्वतः विद्यार्थिदशेत १५९ कुस्त्या लढले आणि १५९ जिंकले. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकचे सुवर्णपदकही त्यांच्या नावावर आहे. २००९ साली त्यांनी संघाची सूत्रे घेतली आणि २०११ ते २०२५ या काळात बारा सांघिक अजिंक्यपदे आली. मधल्या २०२० साली महामारीमुळे स्पर्धाच झाली नाही.

तीन विक्रमी वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. १९९७ साली आयोवाचे पाच वैयक्तिक विजेते आणि १७० गुण. २०२४ साली पेन स्टेटचे चार विजेते आणि १७२.५ गुण. २०२५ साली पेन स्टेटचे केवळ दोन विजेते आणि गुण १७७! विजेते घटत गेले, गुण वाढत गेले. प्रतिस्पर्ध्याला खाली घेण्याचे गुण २०२३पासून दोनाचे तीन झाले, त्यामुळे मोठ्या फरकाने जिंकणे थोडे सुलभ झाले, हे खरे. परंतु मुख्य कारण तेच, जे २००१ साली मिनेसोटाने दाखवले होते. २०२५मध्ये पेन स्टेटचे दहाच्या दहा मल्ल पहिल्या आठांत होते. शिखराची उंची महत्त्वाची असतेच. पण डोंगर उभा राहतो तो पायथ्याच्या रुंदीवर.

म्हणून पुढील कोणत्याही वर्षी अजिंक्यपदाची शक्यता कोणाची, असे कोणी विचारले तर जाणकार आधी विजेत्यांची नावे मोजत नाहीत. दहातली सर्वांत दुबळी जागा कोणती, तेथे कोण उभा आहे, त्याच्या मागे राखीव कोण आहे आणि उपांत्य फेरीत हरल्यावर हा संघ शनिवारी सकाळी कसा उतरतो, हे ते पाहतात.

आपल्या मातीत

आता थोडे घराकडे वळू. अमेरिकेतील सर्वांत हलका गट ५६.७ किलोंचा, असे आरंभी सांगितले. जवळजवळ त्याच वजनाच्या, ५७ किलोंच्या गटात, १९५२ साली हेलसिंकी येथे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवले. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकपूर्वी त्यांना मार्गदर्शन केले ते रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकांनी. मातीत घडलेल्या पोराला मॅटची ओळख झाली आणि तो सहावा आला. पुढे हेलसिंकीच्या वारीसाठी पैसे नव्हते. तेव्हा महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि ती सांगावी अशीच आहे. परंतु तिच्यातला दुसरा अर्थ दुर्लक्षिला जातो. हेलसिंकीच्या मॅटवर खाशाबा एकटे उतरले, पण तेथवर ते एकटे पोहोचले नाहीत. तालीम, महाविद्यालय, परका प्रशिक्षक, प्राचार्यांचे घर आणि गावाची वर्गणी, हा त्यांचा संघ होता. फक्त त्या संघाला नाव नव्हते, व्यवस्था नव्हती. म्हणूनच तसा दुसरा खाशाबा लगेच उभा राहू शकला नाही. एका प्राचार्यांचे घर एकदाच गहाण पडू शकते.

आपल्याकडे तालमी आहेत. शाहू महाराजांनी उभारलेले खासबागचे मैदान आहे. गदा आहे, तिच्यासाठी जीव टाकणारी मुले आहेत. महाविद्यालयेही आहेत. परंतु पहाटे तालमीत जोर मारणारा मुलगा आणि दुपारी वर्गात बसणारा विद्यार्थी ही पुष्कळदा दोन वेगळी माणसे राहतात. पैलवानकी संपली की हाती पदवीही नसते आणि जोडीदारही पांगलेले असतात. गावच्या जत्रेत शेवटच्या मोठ्या कुस्तीचे नाव फलकावर ठळक छापले जाते. त्याच्या सरावासाठी रोज अंग झिजवणाऱ्या, कधीच शेवटची कुस्ती न मिळालेल्या जोडीदाराचे नाव मात्र कोठेच नसते. दहा जणांचा हिशेब ठेवणारी एखादी आंतरमहाविद्यालयीन सांघिक कुस्ती, जिच्यात पाचव्या आलेल्याचे गुणही मोजले जातील आणि हरलेला मुलगाही संघाचा राहील, आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत रुजवणे अशक्य नाही. त्यासाठी दरवेळी कोणाचे घर गहाण पडण्याची गरज नाही. दर महाविद्यालयाने जवळच्या एका तालमीशी नाते जोडणे, मुलांच्या वजनाची आणि आहाराची वैद्यकीय तपासणी करणे आणि परीक्षेच्या काळात वस्तादांनी व प्राध्यापकांनी एकमेकांना विचारून वेळापत्रक आखणे, एवढ्याने आरंभ होऊ शकतो.

आयोवा सिटीच्या त्या सभागृहात २००१ साली मिनेसोटाच्या एकाही मल्लाला पहिल्या क्रमांकाच्या पायरीवर चढता आले नाही. शेवटी सांघिक करंडक घ्यायला मात्र ते एकत्र गेले. त्यांत तिसरा कोण, सातवा कोण आणि आठवा कोण, हे त्या क्षणी कोणी विचारले नसेल.